थांब म्हणणारं कोणीतरी

पहाटे गोठ्यात पहिला आवाज वासराचा असतो. वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात जा, रिसोडकडे जा की मानोऱ्याकडे, हे चुकायचं नाही. रात्रभर ते आईपासून चार हातांवर बांधलेलं असतं. दावं सुटलं की ते धावत जाऊन कासेला ढुशा देतं, गाय मान वळवून त्याचं अंग चाटते आणि बघता बघता सड भरून येतात. पान्हा फुटतो. मग वासराला ओढून बाजूला बांधायचं, धार काढायची आणि मागे राहिलेलं दूध त्याच्यासाठी सोडायचं. ढुशीचा तो स्पर्श गाईच्या मेंदूपर्यंत जातो, मेंदू ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतो आणि रक्त ते कासेपर्यंत नेतं. गाय बिचकली की हा निरोप वाटेतच अडतो. मग आपण म्हणतो, गाईनं पान्हा चोरला. संप्रेरक हा शब्द कानावरून गेलेला नसतानाही आपल्या आज्या-पणज्यांना त्याचं वागणं पक्कं ठाऊक होतं.

आजच्या सकाळी मात्र मन त्या वासराच्या पोटात गुंतलं आहे. तिथेही याच घटकेला निरोपांची ये-जा सुरू असते. ती आपल्याला दिसत नाही आणि वासरू ती सांगू शकत नाही.

गाईगुरांना चार कप्प्यांचं पोट असतं. त्यातला सगळ्यात मोठा कप्पा कोटीपोटाचा. पण आपल्या पोटाशी ज्याचं नातं आहे, जिथे आम्ल सुटतं, तो चौथा कप्पा. दुधावरच्या वासराचं सगळं जगणं या चौथ्या कप्प्यावर चालतं, कारण चोखलेलं दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट तिथेच उतरतं. या कप्प्याच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या किती तीव्र आम्ल तयार करतात? जमिनीच्या तपासणीमुळे सामू हा शब्द आता शेतकऱ्याच्या ओळखीचा झाला आहे. रक्ताचा सामू साधारण 7.4 असतो. पोटातल्या आम्लाचा सामू 1 च्या आसपास उतरू शकतो. म्हणजे रक्ताच्या तुलनेत वीस लाख पटींहून जास्त आम्लता, आणि ती कातड्यासारख्याच जिवंत मांसाच्या भिंतीला लागून. ती भिंत स्वतःच पचून कशी जात नाही, याचं नवल वाटायला हवं. ती टिकते, कारण तिच्यावर चिकट स्रावाचा थर असतो, त्या थरात आम्ल मारणारा क्षार झिरपत असतो, आणि वरच्या पेशी काही दिवसांतच जुन्या जाऊन नव्या येतात. पण हे सगळं पुरं पडायचं, तर आम्ल वेळेवर सुटलं पाहिजे आणि वेळेवर थांबलंही पाहिजे.

सुटायचा निरोप गॅस्ट्रिनचा. पोटाच्या खालच्या टोकाला, आतड्याच्या तोंडाजवळ, काही पेशी असतात. अन्नातली प्रथिनं त्यांना लागली, पोट ताणलं गेलं किंवा मज्जातंतूंनी खबर आणली, की त्या गॅस्ट्रिन रक्तात सोडतात. गॅस्ट्रिन पोटाच्या वरच्या भागात पोचतं, तिथल्या दुसऱ्या पेशींकडून हिस्टामिन सोडवून घेतं आणि आम्लाचं काम सुरू होतं. याच गॅस्ट्रिनच्या पेशींच्या शेजारी, त्यांना चिकटून, आणखी एका जातीच्या पेशी बसलेल्या असतात. पोटातला सामू 3 च्या खाली गेला की त्या जाग्या होतात आणि सोमॅटोस्टॅटिन सोडतात. त्याचा अर्थ एवढाच की आता पुरे. ओलित करताना वाफ्याच्या तोंडाशी एकजण उभा असतो आणि वाफा भरत आला की विहिरीवरच्या माणसाला मोटार बंद करायची हाक देतो, तसं या पेशीचं काम. शिवाय आम्ल पुढे आतड्यात उतरलं की तिथून सिक्रेटिन नावाचा तिसरा निरोप निघतो. तो स्वादुपिंडाला क्षार सोडायला सांगतो आणि पोटाला हात आखडायला सांगतो.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की आम्ल सोडायला सांगणाऱ्याला लागूनच थांब म्हणणाऱ्याची बसायची जागा आहे. शरीरानं त्या दोघांमध्ये अंतर ठेवलेलं नाही.

हे आपल्याला कळलं ते जनावरांमुळेच. 16 जानेवारी 1902 रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा घेतला, त्याला जाणारे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात सौम्य आम्ल घातलं. तोवर समजूत अशी की पोटातल्या सगळ्या हालचालींचा कारभार मज्जातंतू पाहतात. रशियात पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या कामानं ती समजूत घट्ट केली होती. इथे तर तंतू तुटलेले, तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून काढलं, आम्ल आणि वाळू घालून घोटलं, गाळलं आणि ते पाणी त्याच कुत्र्याच्या शिरेत सोडलं. रस पुन्हा वाहिला. निरोप रक्तातून जात होता. माणसाला ओळख पटलेलं हे पहिलं संप्रेरक, सिक्रेटिन. म्हणजे पहिली ओळख झाली ती आम्ल आवरणाऱ्या संप्रेरकाची, हे मला फार समाधानाचं वाटतं.

पुढे 1905 मध्ये जॉन एडकिन्स यांनी सांगितलं की पोटाच्या खालच्या भागातून आम्ल सोडवणारा निरोपही निघतो. त्यांनी त्याला गॅस्ट्रिन म्हटलं. पण थोड्याच वर्षांत हिस्टामिनचा शोध लागला, तेही आम्ल सोडवतं हे दिसलं आणि लोक म्हणू लागले की एडकिन्स यांना सापडलं ते हिस्टामिनच असणार. त्यांचं म्हणणं मागे पडलं. 1940 मध्ये ते वारले. 1964 मध्ये लिव्हरपूलच्या रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या जठरांतून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं काढलं. 17 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. एडकिन्स खरे ठरले, पण ते ऐकायला ते नव्हते. थांब म्हणणारं सोमॅटोस्टॅटिन तर त्याहून उशिरा, 1973 मध्ये, अमेरिकेत रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूतून मिळालं. ते पोटातही आहे, हे त्यानंतर कळलं.

कुत्रा, डुक्कर, मेंढी. आज घरोघरी आम्लपित्ताच्या गोळ्या आहेत, मेडिकलमध्ये त्या चिठ्ठीशिवायही मागितल्या जातात. त्या गोळ्यांमागचं बरंचसं ज्ञान या तिघांसारख्या जनावरांच्या शरीरातून आलेलं आहे. आपली जळजळ त्यांनी शांत केली. त्यांच्या जळजळीचं काय, हा प्रश्न आपल्याला सकाळच्या चहाबरोबर पडायला हवा.

त्या गोठ्यातल्या वासराचंच घ्या. दूध पोटात गेलं की आम्ल त्यात मुरतं आणि सामू 6 च्या आसपास चढतो. काही तासांत दूध पुढे सरकतं, पोट रिकामं होतं आणि सामू पुन्हा 2 च्या खाली येतो. सकाळी आणि संध्याकाळी एवढ्या दोनच वेळा पाजलं, तर मधला फार मोठा काळ ते कोवळं अस्तर नुसत्या आम्लात भिजत राहतं. दूध तेवढंच, पण तीन-चार वेळा थोडं थोडं पाजलं, तर हा काळ तुटतो. वासरू दुधावरून चाऱ्यावर येण्याच्या दिवसांत चौथ्या कप्प्यात व्रण होतात, हे पशुवैद्यकांना नेहमी दिसतं. बाहेरून काय दिसतं? वासरू दात खातं, पाठीची कमान करून उभं राहतं, पोटाला लाथ मारतं, कधी शेण काळं आणि चिकट पडतं, कारण व्रणातून झिरपलेलं रक्त पचून बाहेर आलेलं असतं. पुष्कळदा काहीच दिसत नाही, एक दिवस वासरू उठतच नाही, आणि घरातली म्हातारी दृष्ट लागली म्हणते. तिला दोष देता येत नाही. तिच्या हाती तेवढंच होतं.

बकऱ्यांची गोष्ट याच्या उलटी आहे आणि म्हणूनच ऐकण्यासारखी. मानोरा, मालेगाव भागात माळाला आणि टेकडीला लागून असलेल्या तांड्यांवर, वस्त्यांवर, घरटी चार-सहा बकऱ्या असतातच. ज्याच्याकडे शेत नाही, त्याच्याकडे बकरी असते. पोरांची फी, बाळंतपण, लग्नातला आहेर, सगळं तिच्यावर. पावसाळा लागला की या बकऱ्यांच्या चौथ्या कप्प्यात हिमॉन्कस नावाचा जंत घर करतो. जंत दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा. मादीच्या अंगात रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि पांढरी अंडनळी एकमेकींना पीळ घालून असतात, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या पिळाची दिसते. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात हजार जंत असले, तर दिवसाला 50 मिलिलिटर. वीस-पंचवीस किलोच्या बकरीतून रोज एवढं रक्त जात राहिलं, तर ती किती दिवस चालेल?

रक्ताचं नुकसान सगळे सांगतात. निरोपांचं नुकसान क्वचितच कोणी सांगतं. हा जंत अस्तरात शिरला की आम्ल करणाऱ्या पेशी मंदावतात आणि सामू वर चढतो. आम्ल नाही, म्हणून थांब म्हणणारी पेशी गप्प बसते. ती गप्प, म्हणून गॅस्ट्रिन सुटतच राहतं, रक्तात निरोगी जनावरापेक्षा कितीतरी पट चढतं. शरीर जिवाच्या आकांतानं आम्ल मागतं आणि आम्ल करणारं ऐकण्याच्या स्थितीत नसतं. अस्तर सुजून जाड होतं. आम्लाविना प्रथिनं पचवणारा पाचक रस जागा होत नाही, भूक मरते, आणि बकरी जे काही खाते तेही तिच्या अंगी लागत नाही. जंत गेले की ही सगळी उलथापालथ हळूहळू जाग्यावर येते.

हे ओळखायला रक्त तपासायची गरज नसते. बकरीचं डोकं दोन्ही हातांत घ्यायचं, एका अंगठ्यानं वरची पापणी हलकेच डोळ्यावर दाबायची आणि दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढायची. आतली ओली त्वचा लालबुंद असेल तर बरं. फिकी गुलाबी असेल तर लक्ष ठेवायचं. पांढरी पडली असेल तर आजच औषध. जबड्याखाली मऊ, पाण्यानं भरलेली सूज दिसली, तर फार उशीर होत चालला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी यावर रंगांचा एक तक्ताच बसवला आणि तो जगभर गेला. त्यामागचा विचार फार शहाणपणाचा आहे: कळपातल्या सगळ्यांना सरसकट औषध पाजू नका, जिचा डोळा पांढरा तिलाच पाजा. सरसकट पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे मागे राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच औषधाचा उपयोग होत नाही. आणि जुन्या जाणत्यांचं एक सांगणं इथे आजही खरं आहे. जंताची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. दव ओसरल्यावर बकऱ्या सोडा.

आता एक गोष्ट दुखऱ्या मनानं लिहितो. ढोर लंगडलं, अंग तापलं, की आपण दुखणं मारणारी सुई शोधतो. मायेनंच शोधतो. ही औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं अडवतात. सूज त्यांच्यामुळे येते, म्हणून सूज उतरते. पण पोटाच्या अस्तरावरचा चिकट थर आणि त्यातला क्षारही त्याच द्रव्यांच्या जिवावर टिकलेला असतो. म्हणजे एकीकडे आम्ल सुटतंच आहे आणि दुसरीकडे भिंतीचं पांघरूण आपण आपल्या हातानं काढून घेतलेलं. जनावरानं खाणं सोडलेलं असताना अशा सुया दिवसामागून दिवस टोचत राहिलं, तर व्रण होण्याचा धोका मोठा. घरच्या कुत्र्याला माणसाची दुखण्याची गोळी देणं तर त्याहून घातक. याच औषधांपैकी डायक्लोफेनॅक गुरांना टोचलं गेलं आणि मेलेली ती गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. सडक्या मांसातले रोगजंतू पचवणारं जबरदस्त आम्ल ज्या पक्ष्याच्या पोटात आहे, तो पक्षी या औषधापुढे टिकला नाही. गुरांसाठी त्याच्या वापरावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. सुई नकोच असं माझं म्हणणं नाही. कोणती, किती आणि किती दिवस, हे ढोराच्या दवाखान्यात विचारून ठरावं. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था वाशीमहून फार लांब नाही. गुंतागुंतीचं जनावर तिथे नेता येतं.

आणखी एक गोष्ट उरते, आणि तीच मला आज सगळ्यात जास्त सांगायची आहे. चौथ्या कप्प्यात थांब म्हणणारी पेशी आहे. कोटीपोटात ती नाही. तिथलं आम्ल जनावर तयार करतच नाही. ते जिवाणू तयार करतात, आणि जिवाणू गाईचं किंवा बैलाचं संप्रेरक ऐकत नाहीत. कडबा, कुटार, गवत आलं तर ते सावकाश आंबवतात, जनावर तासन्‌तास रवंथ करतं, मोठ्या जनावराच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ सुटते आणि त्या लाळेतला क्षार सामू 6 ते 7 च्या दरम्यान सांभाळतो. पण पीठ, शिजवलेलं धान्य, गूळ असं एकदम आलं, तर पिठूळ अन्नावर तुटून पडणारे जिवाणू भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्लाचा लोट सुटतो. मऊ अन्नाला रवंथ लागत नाही, म्हणून लाळही कमी. सामू 5.5 च्या खाली घसरतो, चारा पचवणारे भले जिवाणू मरतात, कोटीपोट हलायचं थांबतं. आतल्या भिंतीला जखमा होतात आणि त्या वाटेनं जंतू यकृतापर्यंत पोचतात. बैल बसतो तो उठत नाही.

आणि आपण हे करतो तो दिवस पोळ्याचा. आदल्या दिवशी खांदशेकणी, बैलाच्या खांद्याला तूप-हळद, त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं, त्याला एक दिवस पाटावरच्या पाहुण्याचा मान. या सणाइतकी कृतज्ञता मला दुसऱ्या कुठल्या सणात दिसत नाही. पोळा फुटला की सजवलेली जोडी दारोदार जाते. प्रत्येक दारात पाय धुतले जातात, कुंकू लागतं आणि प्रत्येक दारातली माउली तिच्या हातानं पुरणाची पोळी चारते. तिच्या घरची एकच पोळी असते. बैलाच्या पोटात मात्र साऱ्या आळीच्या पोळ्या जातात, वर घरचा ठोंबरा, म्हणजे शिजवलेलं धान्य. पोळी चारणारीला पहिल्या दाराचं ठाऊक नसतं आणि कोटीपोटाला हाक देणारं आत कोणी नसतं.

तेव्हा कासरा धरणाऱ्यानं तोंड उघडावं. सकाळी जोडी बाहेर काढण्याआधी पोटभर कोरडा कडबा खाऊ घालावा. दारात माउलीला हात जोडून म्हणावं, घासभर द्या, बाकीची पोळी आमच्या फडक्यात टाका, पोरं खातील. ठोंबरा ओंजळीनं मोजावा, घमेल्यानं नको. कोणाला वाईट वाटेल असं वाटत असेल, तर हिरव्या चाऱ्याची पेंढी सोबत न्यावी आणि घास त्यात गुंडाळून द्यावा. रात्री झोपण्याआधी गोठ्यात जाऊन बैल रवंथ करतो का ते बघावं. करत नसेल तर डाव्या कुशीवर मूठ दाबून धरावी. कोटीपोट मिनिटाला एकदोनदा मुठीला वर ढकलतं. तसं ढकललं नाही, कूस तट्ट लागली आणि शेण आंबूस, पातळ पडलं, तर सकाळची वाट पाहू नये. घरात खायचा सोडा असला, तरी तो किती आणि कसा पाजायचा ते आधी फोनवर विचारावं, आणि डॉक्टरांना त्याच रात्री बोलवावं.